सुभेदारसाहेब, तुमची कादंबरी पाचव्या वहीत आहे

या आठवड्याचं पत्र सातारा जिल्ह्यातून आलं आहे. सोबत दोन वह्यांच्या झेरॉक्स आहेत, तिसरी आणि पाचवी. पत्र थोडं आटोपशीर करून देते. गाव, पलटण आणि सालं मी काढून टाकली आहेत, आणि माणूस ओळखू येईल अशा खुणा बदलल्या आहेत.

'ताई, सप्रेम नमस्कार. २८ वर्षं पायदळात नोकरी करून सुभेदार म्हणून पेन्शनीत आलो. वय ४८. सध्या साखर कारखान्यावर सिक्युरिटी सुपरवायझर आहे, रात्रपाळी. चार वर्षांत सहा वह्या भरून एक कादंबरी पूर्ण केली. लोकांनी एसटीत बसून वाचावी, उतरायचा स्टॉप चुकावा, अशी गोष्ट मला लिहायची आहे. पण माजी सैनिक संघटनेतले मित्र म्हणतात, फौजी माणसाने वीरगाथा लिहावी, टाइमपास लिहू नये. एका प्रकाशकाने ८५ हजार भरा म्हणून सांगितलं आहे. तिसऱ्या वहीत माझ्या बडीच्या, म्हणजे फौजेतल्या जोडीदार मित्राच्या, मरणाचा प्रसंग आहे. नाव बदललं आहे. तो जागीच गेला असं आम्ही त्याच्या घरी सांगितलं होतं. तो जागीच गेला नव्हता. हे छापावं का? माझी भाषा शुद्ध नाही, हिंदी घुसते. नोकरी सोडून पूर्ण वेळ लिहावं असं मनात आहे. मार्गदर्शन करावं.'

आणि खाली वेगळ्या अक्षरात: 'ताई, मुलीचं नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू आहे आणि हे नोकरी सोडतो म्हणतात. तुम्हीच सांगा यांना.'

सुभेदारसाहेब, नमस्कार. वहिनींनाही नमस्कार.

तुमच्या वह्या मी तीन रात्री वाचत होते. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची हस्तलिखितं वाचते आहे, आधी मुद्रितं तपासायची नोकरी होती, मग संपादन. एवढ्या वर्षांनी पहिल्या कादंबरीचा अंदाज दहाबारा पानांत येतो. तुमचा आला नाही, कारण या दोन वह्या दोन निराळ्या माणसांनी लिहिल्यासारख्या आहेत. त्याकडे येते. पण आधी तुमच्या मित्राबद्दल बोलू. तुमच्या पत्रातलं खरं ओझं तेच आहे.

तो प्रसंग चौदा पानांचा आहे. त्यातली शेवटची चार पानं मी दोनदा वाचली आणि दिवा बंद केला. त्याच्या पाठीखालून तुम्ही पिठ्ठू, म्हणजे पाठीवरची पिशवी, ओढून काढला आहे आणि डोकं मांडीवर घेतलं आहे. तो पाणी मागतो. पोटात गोळी लागलेल्याला पाणी द्यायचं नसतं हे तुम्हाला शिकवलेलं आहे. तुम्ही रुमाल ओला करता आणि त्याचे ओठ पुसता. रेडिओवर हेलिकॉप्टरचं विचारता, आणि ढग खाली उतरलेले आहेत. चाळीस मिनिटं. त्या चार पानांत तुम्ही एकही मोठा शब्द वापरलेला नाही.

माझं उत्तर सरळ आहे. ही पानं या कादंबरीत छापू नका.

एक कारण त्या घराचं. तुम्हीच लिहिलं आहे की त्याचं गाव तुमच्यापासून बावीस किलोमीटरवर आहे, आई आहे, पत्नी आहे, मुलगा आता कॉलेजात जातो. तुम्ही त्याचं नाव बदललंत, पण उजव्या हाताचं सहावं बोट ठेवलंत, बैलगाडा शर्यतीचं वेड ठेवलंत, रजेवर आल्यावर सगळ्या आळीला कँटीनचे साबण वाटायची सवय ठेवलीत. पंचक्रोशीत कोण ओळखणार नाही त्याला? 'जागीच गेला, काही त्रास झाला नाही' या एका वाक्याच्या आधाराने त्या माउलीने इतकी वर्षं काढली असतील. ते वाक्य तुम्ही मायेपोटी त्यांना दिलंत. ते परत घ्यायची वेळ आलीच तर त्यांच्यासमोर बसून घ्या, आणि तेही त्यांनी विचारलं तर. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकातून, शेजारणीच्या तोंडून ते त्यांच्या कानावर जाता कामा नये.

तुम्हाला कुणीतरी सांगेल की लेखकाला सत्य लिहायचा हक्क आहे. हक्क आहेच. पण ही चाळीस मिनिटं तुमच्या एकट्याची नाहीत.

दुसरं कारण कारागिरीचं आहे, आणि ते मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. तुम्ही धावती गोष्ट लिहायला घेतली आहे. अशा गोष्टीत माणूस मरतो तेव्हा गोष्टीला धक्का बसून ती जोरात पुढे जाते. मारलं कोणी, आता सूड कोण घेणार, पुढचा नंबर कोणाचा, असं होतं आणि वाचक पान उलटतो. तुमच्या मित्राच्या मरणाने असं काही होत नाही. ते वाचल्यावर मला पान उलटवेना. आणि उलटलं तेव्हा पुढच्याच परिच्छेदात तुमचा मेजर जीपमध्ये उडी मारून पाठलागाला निघाला होता. मला त्या मेजरचा राग आला. वाचकाला नायकाचा असा राग आला की ते पुस्तक सावरत नाही. त्या चार पानांवर कादंबरी थांबते, थांबायलाच हवी, आणि मग तिच्यात पळायचा जीव राहत नाही.

गोष्टीला तिथे मरण हवंच असेल तर जो कधी जन्मालाच आला नाही अशा कुणाला तरी मारा. त्याला आईबाप, गाव, खोडी सगळं तुम्ही द्या. कादंबरीकाराला ती मुभा आहे आणि तुमच्यासारख्याला तर तिची फार गरज आहे.

ती चार पानं मात्र फाडू नका. वहीतून अलगद सोडवा, वेगळी शिवा आणि नाव-नंबर घातलेल्या तुमच्या काळ्या ट्रंकेत तळाला ठेवा. त्याचा मुलगा एक दिवस तुमच्या दारात येऊन 'काका, खरं काय झालं होतं' म्हणून विचारू शकतो. विचारेलच असं नाही. पण विचारलं तर त्या वेळी आठवणीवर विसंबून राहू नका, ती पानं त्याच्या हातात द्या.

कायद्याचं थोडक्यात सांगते. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा पेन्शनीत आलेल्या माणसालाही लागू असतो, आणि कादंबरी म्हटलं म्हणून सूट मिळत नाही. गुप्तवार्ता आणि सुरक्षा संघटनांच्या ठरावीक यादीतून निवृत्त झालेल्यांनी आपल्या कामाविषयी काही छापण्याआधी परवानगी घ्यावी, असा नियम केंद्राने २०२१ मध्ये केला. तो नागरी पेन्शनच्या नियमांतला आहे, तुमचं पेन्शन लष्करी. तरी वारा कुठल्या दिशेने वाहतो ते त्यावरून कळतं. तिसऱ्या वहीत तुम्ही चौक्यांची खरी नावं, गस्तीच्या वेळा आणि रेडिओवरच्या बोलण्याची पद्धत लिहिली आहे. ती सगळी बदला. वाचकाला त्यातलं काही लागत नाही. चौकीवरच्या बुखारीभोवती, म्हणजे शेगडीभोवती, वाळत घातलेले मोजे आणि केरोसिनचा वास त्याला लागतो, आणि ते लिहायला कोणाची ना नाही.

या बाबतीत आपल्याच मुलखातल्या एका फौजी माणसाने काय केलं ते सांगते. बेळगावहून खानापूर-लोंढ्याकडे जंगल दाट होत जातं. त्या पट्ट्यात, उत्तर कन्नड जिल्ह्यात जगलबेट म्हणून गाव आहे. तिथे मनोहर माळगावकर राहत. जन्म १९१३ चा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मराठा लाइट इन्फंट्रीत होते, लेफ्टनंट कर्नल झाले. फौज सोडल्यावर खाणीचा धंदा केला, निवडणूकही लढवली. कान्होजी आंग्र्यांवरचं त्यांचं पुस्तक १९५९ चं आणि पहिली कादंबरी १९६० ची. म्हणजे कादंबरीकार व्हायला सत्तेचाळिशी उजाडली. तुमचं वय आज ४८ आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. मराठी घरातला माणूस, लिहिलं इंग्रजीत. पुढे हेरकथा लिहिल्या, फाळणीवर लिहिलं, कोल्हापूरच्या छत्रपतींचा इतिहास लिहिला. २०१० मध्ये, शहाण्णवाव्या वर्षी गेले.

त्यांची ती पहिली कादंबरी, 'डिस्टंट ड्रम', फौजेवरच आहे. पण तिच्यातली रेजिमेंट तुम्ही फौजेच्या यादीत शोधायला गेलात तर सापडणार नाही. सातपुड्याच्या नावाची एक अख्खी रेजिमेंट त्यांनी मनाने उभी केली. मेसमधले रिवाज, वरिष्ठांची मर्जी, पलटणीचा अभिमान या गोष्टी त्यांना आतून ठाऊक होत्या, त्या सगळ्या तिच्यात घातल्या. खरी रेजिमेंट घेतली असती तर प्रत्येक पानावर कुणाचा तरी मान राखावा लागला असता. तुम्हीही हेच करा. पलटण उभी करा, तिला इतिहास द्या, जयघोष द्या, एखादी जुनी हार द्या जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मग पाहा हात कसा मोकळा होतो.

आता पाचवी वही.

पहाटेचे चार वाजले आहेत. घाटाच्या पायथ्याला रस्त्याच्या कडेने पोरं पळताहेत, पुढे मोटरसायकलवर सैन्यभरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीचा मास्तर. दोन भावांत बुटांची एकच जोडी आहे, म्हणून धाकटा थोरल्याचं पळणं संपायची वाट बघत कठड्यावर अनवाणी बसला आहे. १६०० मीटर, नऊ फुटी खड्डा, बीम. पत्र्याच्या शेडमध्ये उकडलेले हरभरे. मग तो भरतीचा एजंट येतो. इस्त्रीचा सफारी, बोलण्यात दर दोन वाक्यांनी 'कर्नलसाहेब'. तीन लाख ठरतात. हमी म्हणून तो पोराची दहावीची मूळ गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि डोमिसाईल ठेवून घेतो. आई पदराच्या टोकाने बोटांची हळद पुसून नोटा मोजते आणि शेवटची शंभराची नोट परत एकदा मोजते.

साहेब, हे कुठल्याही शहरातल्या लेखकाला ठाऊक नाही. मलाही नव्हतं. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते, 'सैन्यात भरतीच्या आमिषाने फसवणूक', आणि आपण पान उलटतो. तुम्ही त्या चार ओळींच्या आत राहता. तुमच्या भागात कितीतरी गावांत कमानीवर, देवळाच्या भिंतीवर, पहिल्या महायुद्धापासूनची नावं कोरलेली आहेत. त्या नावांखाली वाढलेलं पोर भरतीसाठी किती धडपडतं आणि त्या धडपडीचा बाजार कसा मांडला जातो, ही तुमची गोष्ट आहे. त्यात आता २०२२ पासून अग्निवीर म्हणून चारच वर्षांची भरती आली. चारांपैकी तिघांना चार वर्षांनी घरी यायचं आहे, हे माहीत असून बाप अर्धा एकर विकतो. तुमच्या वहीत हे एका संवादात येऊन जातं. तिथे थांबा, त्या बापाला अजून दोन पानं बोलू द्या.

मला सगळ्यात आवडलं ते पान ६१. एजंटाने पोराला दिलेलं 'जॉइनिंग लेटर' गेटवरच्या सुभेदाराच्या हातात येतं. शिक्का गोल आहे, सिंह आहेत, इंग्रजी बरोबर आहे. तो पत्ता वाचतो आणि कागद हळूच खाली ठेवतो. कारण पत्त्यात ५६ एपीओ, म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयाचा नंबर, लिहिलं आहे आणि पुढे स्वल्पविराम देऊन गावाचंही नाव टाकलं आहे. फौजेच्या टपालात हे होत नाही. युनिट कुठे आहे ते पत्त्यावरून कळू नये, यासाठीच तर तो पत्ता असतो. हे वाचून मी खुर्चीत ताठ बसले. रहस्यकथेतला पुरावा असाच हवा, डोळ्यांसमोर ठेवलेला असूनही फक्त जाणत्याला दिसणारा.

यात एक सुचवू? हा पुरावा सुभेदाराच्या आधी त्याच्या बायकोला सापडू दे. तो पत्ता तिने वीस वर्षं आंतरदेशीय पत्रांवर लिहिला आहे. नवरा बर्फात आहे की वाळवंटात, हे त्या पत्त्याने तिला एकदाही सांगितलेलं नाही. गावाचं नाव कधी लिहायचं नसतं, हे तिच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? पोराची आई ते पत्र कौतुकाने दाखवायला तिच्याकडे येते, ती चहा टाकता टाकता वाचते आणि गॅस बंद करते. वहिनी, हे लिहिताना त्यांच्या शेजारी बसा. काय वाटलं असतं ते त्यांना सांगा.

आणि तो मेजर काढून टाका. तुमचा नायक देखणा आहे, इंग्रजी बोलतो, पुण्याहून जीप घेऊन येतो आणि सगळं सोडवतो. पण तो तुम्ही दुरून पाहिलेला माणूस आहे. त्याच्या खोलीत काय आहे, तो एकटा असताना काय करतो, हे तुमच्या वहीत कुठेच नाही. उलट गेटवरचा सुभेदार एकदोन ओळींत येतो आणि जिवंत होतो. रात्री राउंड मारताना तो बॅटरी लावत नाही, कारण अंधाराला डोळे सरावलेले असले की बॅटरीवाल्यापेक्षा जास्त दिसतं. हा माणूस नायक आहे. माळगावकर लेफ्टनंट कर्नल होते, त्यांनी अधिकाऱ्यांची मेस लिहिली. तुम्ही जवानांचा लंगर, म्हणजे त्यांचा भटारखाना, लिहा, बॅरेक लिहा, सीएचएमची, म्हणजे कंपनी हवालदार मेजरची, हजेरी लिहा. आपल्या रहस्यकथांत कॅप्टन आणि मेजर पुष्कळ होऊन गेले. सुभेदार त्यांच्या मागे उभा असायचा. साठ-सत्तर पोरांना नावानिशी ओळखणारा, त्यांच्या घरच्या भांडणांत सल्ला देणारा, साहेबाचा हुकूम आणि पोरांची कुवत यांच्यामध्ये उभा राहणारा माणूस लोकप्रिय कादंबरीचा नायक व्हायला मला फार योग्य वाटतो.

तुमचे मित्र म्हणतात वीरगाथा लिहा. त्यांचं मन मला कळतं. आपल्या माणसांचं कोणी लिहीत नाही, हे दुःख त्यामागे आहे आणि ते खरं आहे. पण वीरगाथा तुम्हाला येत नाही, साहेब. तिसऱ्या वहीतल्या लढाईची नऊ पानं 'रणधुमाळी', 'प्राणपण', 'रक्ताचा सडा' या शब्दांनी भरली आहेत आणि त्यात माणूस दिसत नाही. माझे मामा १९६५ च्या लढाईत होते. दर पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांना भाषणाला बोलवत आणि ते दोन वाक्यं बोलून खाली बसत. पण ओढा ओलांडायला तयार नसलेल्या एका खेचराबद्दल ते तासभर बोलू शकत. त्याचे कान कसे मागे जायचे, कोणाच्या हातचा गूळ ते खायचं, शेवटी डोळ्यांवर पोतं बांधून त्याला कसं नेलं, सगळं. लढाई काय असते ते मला त्या खेचरामुळे थोडंफार कळलं. तुमचंही बोलणं असंच आडवाटेने येतं. ते तसंच येऊ द्या.

आणि 'टाइमपास' या शब्दाने खाली मान घालू नका. दिवसभर उसाच्या फडात राबून आलेली बाई रात्री अर्धा तास पुस्तक हातात धरते, सीमेवर ड्यूटी संपवून आलेला जवान कानात श्राव्य पुस्तक लावून झोपतो, त्यांना चांगली रचलेली गोष्ट देणं हे मानाचं काम आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे आपल्याकडे गावोगाव वाचनालयं उभी राहिली. तिथल्या कपाटांतली कोणती पुस्तकं हाताळून मऊ झाली आहेत, एकदा जाऊन बघा. गोष्ट नीट सांगणं हेच आपलं काम, असं माळगावकरही मानत.

भाषेचं. तुमची भाषा शुद्ध नाही म्हणता. पाऊस पडतो तेव्हा तिसऱ्या वहीत 'वरुणराजाने रौद्र रूप धारण केले' आणि पाचव्या वहीत 'पाऊस निस्ता दणकत होता, पत्र्याखाली बोललेलं ऐकू येईना'. दुसरं वाक्य तुमचं आहे, पहिलं कुठल्या तरी शाळेच्या निबंधातलं आहे. हिंदीची काळजी सोडा. 'थम! कौन आता है?' हे संतरी मराठीत विचारणार नाही. संवादात फौजी हिंदी राहू दे, निवेदन तुमच्या साताऱ्याच्या बोलीला धरून राहू दे, प्रमाण कुठे करायचं ते संपादक बघेल. ॲलिस्टर मॅक्लीनचं उदाहरण घ्या. स्कॉटलंडचा माणूस, घरची भाषा गेलिक, इंग्रजी शाळेत गेल्यावर शिकला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होता, अधिकारी नव्हे, टॉर्पेडोवर काम करणारा नौसैनिक. उत्तरेच्या बर्फाळ समुद्रातून रशियाकडे जाणाऱ्या ताफ्यांबरोबर गेला. परत येऊन शाळामास्तर झाला. १९५४ मध्ये एका वर्तमानपत्राच्या कथास्पर्धेत त्याची गोष्ट पहिली आली, त्यावरून प्रकाशकाने त्याच्याकडे कादंबरी मागितली, आणि १९५५ मध्ये ती आली. जहाज मनाने रचलेलं, थंडी अंगावर घेतलेली. जगभर खपली. 'गन्स ऑफ नॅव्हरोन' सिनेमा तुम्ही पाहिला असेल, ती कादंबरीही त्याचीच.

त्याच्या वाटेवरून तुम्हालाही एक पाऊल टाकता येईल. पाचव्या वहीतला बुटांच्या जोडीचा प्रसंग स्वतंत्र कथा म्हणून लिहा, आठ-दहा पानांत. आपल्याकडे १९०९ पासून दिवाळी अंक निघताहेत, आणि संपादक नव्या नावाची वाट बघत असतात, हे मी आतून सांगते. उन्हाळा संपता संपता पाठवा, उशीर झाला की अंक भरलेले असतात. एक कथा छापून आली की प्रकाशकाच्या दारात उभं राहायला तुम्हाला जागा मिळते.

८५ हजार देऊ नका. ज्याला तुमच्या पुस्तकावर विश्वास आहे तो स्वतःचे पैसे घालतो आणि तुम्हाला मानधन देतो. ज्याला आधीच तुमचे पैसे मिळाले त्याला पुस्तक विकायची निकड उरत नाही. मी अशा पुस्तकांचे गठ्ठे लेखकांच्या माळ्यावर पाहिले आहेत. स्वखर्चानेच काढायचं ठरलं तर त्याला छपाई म्हणा, दोनतीन छापखान्यांकडून दर घ्या, आणि छापलेली प्रत न् प्रत तुमच्या ताब्यात असू द्या. प्रकाशकाशी करार झाला तर लेखी करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क किती काळासाठी दिले ते करारात नसेल तर पाच वर्षं धरतात, आणि कुठल्या प्रदेशासाठी ते नसेल तर भारतापुरतं धरतात. म्हणून 'सर्व हक्क कायमचे' असं वाक्य दिसलं की सही थांबवा. सिनेमा, मालिका आणि श्राव्य पुस्तक यांचे हक्क वेगळे ठेवा.

आता वहिनींचा प्रश्न. वहिनी, मी तुमच्या बाजूची आहे. एक हिशोब मांडते. हजार प्रतींची आवृत्ती, किंमत ४०० रुपये, मानधन दहा टक्के. सगळ्या प्रती संपल्या तर चाळीस हजार रुपये, आणि त्या संपायला एक वर्ष लागेल की तीन, कोणी सांगू शकत नाही. यावर मुलीची फी अवलंबून ठेवता येत नाही. पुस्तक गाजलं, दुसरं आलं, दोन्हींच्या आवृत्त्या निघू लागल्या, मुलीची नोकरी लागली, तर त्या वेळी पुन्हा बसून बोला. तोवर नोकरी राहू दे.

साहेब, मॅक्लीनसुद्धा पहिली कादंबरी येईपर्यंत शाळेत शिकवत होता. तुमच्या हाताशी तर रात्रीच्या कारखान्याचं गेट आहे. उसाच्या गाड्यांची रांग, झोपेला आलेले ट्रॅक्टरवाले, वजनकाट्यावरची भांडणं, पहाटे तीनला चहावाल्याकडे निघणाऱ्या गोष्टी. माझी एकच विनंती आहे, ड्यूटीवर लिहू नका. पहाऱ्यावर लक्ष दुसरीकडे गेलं की काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. खिशात एक छोटी डायरी ठेवा, शब्द टिपून घ्या, घरी येऊन झोप काढा आणि दुपारी दोन ते चार लिहा. ते दोन तास, वहिनी, तुम्ही त्यांना राखून द्या. त्या वेळात कोणी दार वाजवलं तर ते झोपलेत म्हणून सांगा.

पुढचं काम असं करा. तिसरी वही बाजूला ठेवा. काश्मीरचा भाग मागे पडू दे. सुभेदाराच्या एखाद्या सवयीतून, दचकण्यातून तो आपोआप येत राहील. गोष्ट पहाटेच्या त्या रस्त्यावर सुरू करा, कठड्यावर अनवाणी बसलेल्या धाकट्या भावापासून. पहिली दहा पानं नव्याने लिहून मला पाठवा. घाई नाही.

पण सहावी वही मात्र लगेच पाठवा, जशी आहे तशी. पाचवी संपते तेव्हा त्या पोराची मूळ गुणपत्रिका एजंटाच्या गोदरेजच्या कपाटात आहे आणि भरतीची रॅली चार दिवसांवर आली आहे. झेरॉक्सचं शेवटचं पान मी दोनदा उलटून पाहिलं, मागे काही छापलं आहे का म्हणून. त्याला त्याची कागदपत्रं परत मिळतात का?